सुईच्या अग्रावरचा कॅमेरा

पोलरॉइडचा ‘६००’ जातीची फिल्म घेणारा खोक्यासारखा कॅमेरा मुळात माणसाला काहीही करावे लागू नये, या एकाच हेतूने बनवलेला आहे. वरचे झाकण उचलायचे, समोरच्यावर रोखायचा आणि बटण दाबायचे. उजेड किती आहे, झडप किती वेळ उघडी ठेवायची, याचा विचार कॅमेरा स्वतःच करतो आणि गुरगुरत फोटो हातात देतो. पोलरॉइड कंपनी काढणाऱ्या एडविन लँड या अमेरिकी संशोधकाच्या तीन वर्षांच्या मुलीने १९४३ साली सांता फे येथे सुट्टीवर असताना ‘काढलेला फोटो लगेच का दिसत नाही?’ असे विचारले आणि त्या बापाने ते इतके मनावर घेतले, की २१ फेब्रुवारी १९४७ रोजी त्याने जाणकारांच्या सभेत मिनिटाभरात तयार होणारा फोटो काढून दाखवला. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात तो कॅमेरा बॉस्टनमधल्या एका दुकानात विक्रीला आला. असे प्रश्न मीही लहानपणी पुष्कळ विचारले होते. परंतु आमच्या वडिलांचे ‘गप बस’ हे उत्तर तयार असल्यामुळे त्यांतून एकही शोध लागू शकला नाही.

लँडसाहेबांनी एवढा खटाटोप करून मानवजातीचे जे कष्ट वाचवले, ते सगळे व्याजासकट परत मिळवण्याचा एक मार्ग आहे. या कॅमेऱ्याचे भिंग काढून टाकायचे, त्याच्या जागी सुईने पाडलेले एक छिद्र बसवायचे आणि मग फोटो काढायचा प्रयत्न करायचा. मी सध्या त्या मार्गावर आहे.

कॅमेरा मिळाला तो पुण्याच्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात एकट्या चपलेपासून जहाजाच्या दिव्यापर्यंत काहीही मिळते आणि प्रत्येक वस्तू चालू स्थितीत असते. ‘एकदम चालू आहे साहेब, फक्त सेल टाका,’ असे विक्रेत्याने मला सांगितले. वास्तविक या कॅमेऱ्यात सेल टाकण्याची सोयच नाही. चपटी बॅटरी फिल्मच्या पाकिटातच असते. त्यामुळे कॅमेरा चालतो की नाही, हे फिल्म विकत घेतल्याशिवाय परमेश्वरालाही कळत नाही. त्या पाकिटात फोटो आठ, आणि एकेका फोटोला दोन-अडीचशे रुपये पडतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे मला पाकीट फोडताना समजले. पण तक्रार करण्यातही अर्थ नाही. मूळ कंपनीने २००८ साली ही फिल्म बंद करण्याचे जाहीर केले होते. नेदरलँड्समधील एन्सखेडे येथला शेवटचा कारखाना काही हट्टी माणसांनी वाचवला आणि २०१० पासून फिल्म पुन्हा बाजारात आणली. आपल्यासारखी माणसे जगात इतरत्रही आहेत आणि त्यांनी कारखानाच चालवायला घेतला, ही गोष्ट मी घरात वारंवार सांगतो. तिचा परिणाम उलटा होतो.

कॅमेरा चालू निघाला, म्हणजे त्याची मोटर चालू निघाली. भिंगाला मात्र आतून बुरशी चढली होती आणि उजेड मोजणारा विजेचा डोळा पार आंधळा झाला होता. भर दुपारीही त्याला अमावास्या दिसत असावी, कारण झडप नको तितका वेळ उघडी राहून निघालेले फोटो दुधासारखे पांढरे होते. दुरुस्ती करणाऱ्यांनी हात वर केल्यावर छिद्राशिवाय दुसरा उपाय उरला नाही. छिद्रातून चित्र उमटते, यात नवल काहीच नाही. कौलाच्या फटीतून जमिनीवर पडणारा कवडसा फट वाकडी असली तरी गोल असतो, कारण तो सूर्याचेच चित्र असतो. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या जागी भिंतीवर बाहेरचे गोपूर उलटे दिसते, तेही याच न्यायाने. तिथे फिल्मला पैसे पडत नाहीत, एवढाच काय तो फरक.

छिद्र पाडण्याचे काम पाहायला सोपे आहे. थंड पेयाचा रिकामा कॅन कात्रीने कापायचा, त्याचा टपाल तिकिटाएवढा तुकडा वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि शिवणाच्या सर्वांत बारीक सुईचे टोक त्यात आरपार न घालता नुसते टेकवून दाबायचे. मागच्या बाजूला पुळी येते. ती बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासायची, पुन्हा सुई टेकवायची, किंचित गोल फिरवायची, पुन्हा घासायचे. छिद्राची कड जाड राहिली तर चित्राचे कोपरे काळे पडतात. खरखरीत राहिली तर चित्राला लव फुटते. माझ्या कॅमेऱ्यात छिद्रापासून फिल्मपर्यंतचे अंतर, आतल्या तिरक्या आरशाचा वळसा धरून, साधारण ११ सेंटिमीटर आहे आणि त्याला छिद्र हवे ०.४७ मिलिमीटरचे. छिद्र मोठे झाले की चित्र पुसट होते. म्हणून ते लहान करत जावे, तर एका मर्यादेनंतर प्रकाश कडेला वळून पसरतो आणि चित्र पुन्हा पुसटच होते. लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १८९१ साली केवळ छिद्राच्या छायाचित्रणावर निबंध लिहिला आहे. त्यांच्या घरी सुया कोणाच्या होत्या, याचा त्यात उल्लेख नाही.

आमच्या घरी सुया पत्नीच्या आहेत आणि त्या मोजलेल्या आहेत. छिद्राचे माप घेण्यासाठी मी पत्र्याचा तुकडा संगणकाच्या स्कॅनरवर ठेवला. इंचाला २४०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केले, तर ०.४७ मिलिमीटरच्या व्यासात ४४ ठिपके बसले पाहिजेत. मी पडद्याला नाक लावून ठिपके मोजत असताना मुलगा मागे येऊन उभा राहिला. ‘बाबा, तुम्ही कॅनचा तुकडा स्कॅन करताय?’ त्याने विचारले. मी मोजण्यात असल्यामुळे मान हलवली. ‘आई, बाबा कॅनचा तुकडा स्कॅन करतायत,’ असे त्याने आत जाऊन सांगितले. आतून काहीच उत्तर आले नाही. आमच्या घरात याला गंभीर परिस्थिती म्हणतात.

भिंग काढण्यासाठी कॅमेऱ्याचे तोंड उघडावे लागते आणि इथे शेजारच्या काकांचा प्रवेश झाला. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले असल्यामुळे वीज या विषयावर त्यांना न विचारता कोणी बोललेले त्यांना आवडत नाही. माझ्या हातातला पेचकस पाहून ते दारातूनच ओरडले, ‘थांबा! आत फ्लॅश आहे ना? मग त्याचा कपॅसिटर आहे. बॅटरी काढली म्हणजे वीज गेली, असं समजू नका. तीनशे व्होल्ट धरून बसलेला असतो तो!’ हे खरे आहे. सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी ही गरीब वस्तू फ्लॅशसाठी पोटात तीनशेच्या घरातले व्होल्ट साठवते आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच काळ सोडत नाही. काकांनी घरून शंभरचा बल्ब, दोन वायरी आणि रबरी चप्पल आणली. मग एक हात पाठीमागे ठेवून, मंडळाच्या जुन्या शिस्तीने, त्यांनी त्या कपॅसिटरला वायरी लावल्या. बल्ब क्षणभर लाजल्यासारखा लाल झाला. काकांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मला त्यांनी यमाच्या दारातून परत आणले होते. त्यानंतर फ्लॅशच्या वाटेला जायचे नाही, तो जसा आहे तसा राहू द्यायचा, असा ठराव संमत झाला. त्या ठरावाचे परिणाम पुढे येतीलच.

बाकी काम त्या मानाने लवकर उरकले. भिंग काढले, झडपेची पाती काढली, त्या जागी काळा केलेला पत्रा बसवला आणि भोवतालच्या फटींना वायरिंगची काळी टेप लावली. आरसा मात्र जागेवर राहू दिला. या फिल्मवर ज्या बाजूने उजेड पडतो त्याच बाजूने ती आपण पाहतो, म्हणून आरसा नसेल तर डाव्याचे उजवे होते. तसे झाले असते तर आमचे सगळे कुटुंब फोटोत डाव्या हाताने जेवताना दिसले असते आणि ते आत्याला चालले नसते.

आता फोटो काढण्याची रीत अशी: छिद्रावरची टेप उचलायची, मनात आकडे मोजायचे, टेप पुन्हा चिकटवायची आणि मग बटण दाबायचे, म्हणजे कॅमेऱ्याला आपण आत्ताच फोटो काढला असे वाटते आणि तो प्रामाणिकपणे फोटो बाहेर ढकलतो. आकडे किती मोजायचे, हा खरा प्रश्न आहे. ही फिल्म चांगलीच चपळ असल्यामुळे एवढ्याशा छिद्रातूनही भर उन्हात तिला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो आणि जगातला कोणताही माणूस टेप उचलून तेवढ्या वेळात परत चिकटवू शकत नाही. घरात खिडकीजवळ हिशेबाने पाऊण मिनिट येते. परंतु उजेड कमी झाला की फिल्मही आळसावते आणि दुप्पट वेळ मागते. थोडक्यात, बाहेर अशक्य आणि आत असह्य. त्यातून मी आतला पर्याय निवडला, कारण असह्य गोष्टी सहन करण्याचा सराव घरातल्या सर्वांनाच आहे.

उन्हाळ्याची अडचण वेगळीच. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर छिद्र-छायाचित्रणाचा दिवस साजरा होतो. तो ठरवणाऱ्यांनी एप्रिलमधले पुणे पाहिलेले नसावे. फिल्मच्या पाकिटावर लिहिले आहे, की फोटो १३ ते २८ अंश तापमानात काढावा. त्याहून उकाडा असला तर चित्राला पिवळट-तांबूस झाक येते. आमच्याकडे त्या दिवसांत रात्री अंथरुणातही २८ अंश नसतात. शिवाय फिल्म फ्रीजमध्ये ठेवावी लागते, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. म्हणजे नेमकी त्या कप्प्यात, जिथे कोथिंबीर, विरजण आणि आत्याचे डोळ्यांचे थेंब असतात. ‘ही तुमची पाकिटं इथून हलवा, नाहीतर मी भाजी कुठे ठेवू ते सांगा,’ असे पत्नीने म्हटल्यावर मी एका पाकिटाची किंमत सांगितली. भाजीला जागा मिळवून देण्याच्या दृष्टीने ती माझी चाल अत्यंत प्रभावी ठरली.

तो रविवार उजाडला. बैठकीच्या खोलीतल्या खिडकीचे पडदे बाजूला सारून मी कॅमेरा तिवईवर पुस्तकांच्या चळतीवर बसवला. आत्या इरकल नेसून, अंबाडा घालून समोर येऊन बसल्या. काका कपॅसिटरवर लक्ष ठेवण्यासाठी आरामखुर्चीत बसले. पत्नी आणि मुलगा, कोणी काही म्हणू नये म्हणून, मागे उभे राहिले. ‘दीड मिनिट कोणीही हलायचे नाही,’ असे बजावून मी टेप उचलली आणि मोजायला सुरुवात केली.

दीड मिनिट ही वेळ किती मोठी असते, हे ज्याला कळायचे असेल त्याने आपल्या कुटुंबाला तेवढा वेळ गप्प बसवून पाहावे. वीस म्हणतो न म्हणतो तोच आत्यांनी ‘काढलास का रे?’ असे विचारले. मी मोजत असल्यामुळे उत्तर देता येईना, तेव्हा त्यांनी तेच पत्नीला विचारले. चाळिसाच्या सुमारास दारावरची बेल वाजली आणि इस्त्रीचे कपडे आले आहेत हे मुलाला घरातल्या इतर सर्वांच्या आधी कळले. तो दाराकडे गेला. ‘पैसे कपाटात आहेत,’ हे सांगायला पत्नी त्याच्या मागोमाग गेली. नव्वद झाले, मी टेप चिकटवली, बटण दाबले, आणि ठराव संमत करून राखलेल्या त्या फ्लॅशने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकवले. आत्यांनी तत्काळ पाठ ताठ केली, पदर सारखा केला आणि त्या प्रसन्न हसल्या. त्यांच्या मते फोटो त्या क्षणी निघाला होता आणि आधीचे दीड मिनिट ही तालीम होती. ‘आता आला असेल चांगला,’ असे त्या म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर आलेला फोटो उजेडात धरायचा नसतो, म्हणून मी तो वर्तमानपत्राच्या घडीत सारला. तो हलवायचाही नसतो. आतले रसायन आपले आपण पसरते आणि हलवण्याने त्याचे नुकसानच होते. पण आत्यांनी कुठल्याशा सिनेमात लोक फोटो हलवताना पाहिले होते, त्यामुळे मी आत पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्यांनी तो घडीसकट जपमाळेच्या लयीत हलवून ठेवला. रंगीत फोटोला पंधरा मिनिटे लागतात. सगळे थांबून राहिले. ज्या यंत्राचा जन्मच ‘लगेच का नाही?’ या प्रश्नातून झाला, त्याच्यापुढे आमचे घर पाव तास ‘अजून किती?’ असे विचारत बसले होते.

फोटो आला. पिवळा, किंचित तांबूस, कडेने काळसर. त्यात बैठकीची खोली अगदी स्पष्ट होती. पलीकडे स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारा फ्रीज, त्याच्यावरचे चुंबकाचे फळ आणि कोपऱ्यातली गॅसच्या पावतीची चिठ्ठी वाचता येईल की काय, असे वाटावे इतका रेखीव आला होता. मुलगा पूर्ण नाहीसा झाला होता. पत्नीच्या जागी एक हिरवट धुके होते आणि त्यातून मागचे कॅलेंडर दिसत होते. आत्यांना एक इरकल, तीन हात आणि दोन अंबाडे होते. चेहरा मात्र एकही नव्हता. मोजणी सुरू होताच काकांना डुलकी लागलेली होती, त्यामुळे ते तेवढे जसेच्या तसे, तोंड किंचित उघडे, चष्म्याच्या दांडीवरच्या दोऱ्यासकट उतरले होते.

‘फ्रीज छान आलाय,’ पत्नी म्हणाली.

काकांनी तो फोटो हातात घेऊन बराच वेळ निरखला. गेल्या वीस वर्षांत आपला इतका चांगला फोटो कोणी काढलेला नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि ते घरी गेले. संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या जावयाने परदेशातून आणलेला तसलाच एक पोलरॉइड होता. भिंग स्वच्छ, विजेचा डोळा शाबूत, सगळे काही उत्तम चालू. ‘यालाही तसलं छिद्र पाडून द्या,’ काका म्हणाले, ‘कपॅसिटरचं मी बघतो.’ चांगल्या चालत्या कॅमेऱ्याचे भिंग काढणे मला बरोबर वाटेना, म्हणून मी चाचरू लागलो. परंतु मी तोंड उघडण्याआधीच पत्नीने बाहेर येऊन काकांना होकार दिला, सुयांची अख्खी डबी माझ्यासमोर ठेवली आणि फ्रीजमधली सगळी पाकिटे काढून काकांच्या हातात दिली. त्यांच्याकडचा फ्रीज दोन दारांचा आहे.