बेलारूस 2020 : निर्बंध ‘लगेच’ लागले नव्हते

‘बेलारूसमध्ये निवडणुकीत घोळ झाला आणि युरोपीय संघाने दुसऱ्याच दिवशी लुकाशेंको यांच्यावर निर्बंध लादले’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मतदान 9 ऑगस्ट 2020 ला झालं. सरकारी आकड्यांनुसार राष्ट्राध्यक्ष लुकाशेंको यांना 80 टक्के मतं. दुसऱ्या दिवशी आलं ते शी जिनपिंग आणि पुतिन यांचं अभिनंदन! राजधानी मिन्स्कमध्ये पांढरे कपडे घातलेल्या बायका हातात फुलं घेऊन रस्त्याकडेला साखळी करून निषेधाला उभ्या राहिल्या, तेव्हा युरोपीय संघाच्या मुख्यालयातून, ब्रुसेल्समधून, फक्त निवेदनं येत होती. 19 ऑगस्टला संघाने निकाल अमान्य केला, पण निर्बंध अडले. का? तुर्कस्तानने भूमध्य समुद्रात चालवलेल्या उत्खननाविरुद्धही कारवाई हवी म्हणून सायप्रसने संमती रोखून धरली होती, आणि संघाच्या निर्बंधांना सगळ्या सदस्य देशांची संमती लागते. मिन्स्कच्या तुरुंगात मार खाणाऱ्या आंदोलक पोरांचा त्याच्याशी काय संबंध, हे मला आजही पटत नाही.

अखेर 2 ऑक्टोबरला 40 जणांची यादी निघाली. तिच्यात लुकाशेंको नव्हते. त्यांचं नाव आलं 6 नोव्हेंबरला. ब्रिटन आणि कॅनडाने मात्र 29 सप्टेंबरलाच त्यांच्यावर निर्बंध घातले होते.