पाऊण तासाचं नागपूर

आमचे सासरे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. जावई कधी निघाला, कुठे अडकला आणि किती उशिरा लागला याची तोंडी नोंद झाल्याशिवाय त्यांना घास जात नाही. पुणे-नागपूर हवाई अंतर साधारण ६०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८००. "म्हणजे पाऊण तास," असा निकाल त्यांनी फोनवरच देऊन टाकला. तिकिटावर जवळजवळ दीड तास छापलाय म्हटल्यावर विचारतात, "मग मधात थांबे कुठं हायेत?"

थांबे आहेत की! सगळे कोथरूड आणि धावपट्टीच्या मध्ये आहेत. येरवड्याच्या अलीकडेच कॅबवाला गाडी बंद करून निवांत तंबाखू मळायला घेतो, त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. मग सुरक्षा तपासणी. पट्टा ट्रेमध्ये, ट्रे यंत्रात आणि मी एका हाताने पँट धरून पलीकडे उभा. बाकरवडीचा पुडा दोनदा आत-बाहेर जातो. "ये क्या है?" या प्रश्नाला पुणेकराने द्यायला हवं ते उत्तर अशा वेळी ओठांवर येतं, पण पट्टा त्यांच्याकडे असतो.

विमानात बसलो म्हणजे सुटलो असंही नाही. लोहगावची धावपट्टी मूळची हवाई दलाची. तिथे सुखोईंचा मुक्काम. त्यांचा सराव चालू असला की आपण देशभक्तीपोटी गप्प बसायचं. शिवाय विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. त्यामुळे नागपूरला निघालेला माणूस आधी थाटात पिंपरी-चिंचवडकडे उडतो आणि मग वळतो. खिडकीतून ते बघताना वाटलं, हे सासऱ्यांना कळता कामा नये.

छापील वेळेची खरी गंमत तर वेगळीच. विमान जागचं हललं की ती सुरू होते आणि उतरून थांब्यावर लागलं की संपते. त्यात जमिनीवरचं रांगणं धरलेलं असतं, वर कंपन्या चार-दोन मिनिटं पदरची टाकून ठेवतात. म्हणूनच इतकं सगळं होऊनही वैमानिक जाहीर करतो, "आपण दहा मिनिटं लवकर पोचलो आहोत." शेजारच्या काकांनी तर टाळ्या वाजवल्या. कमावलेली ती दहा मिनिटं आम्ही सामानाच्या रिकाम्या पट्ट्याभोवती उभं राहून खर्च केली.

घरी पोचलो तेव्हा सासरे फाटकात घड्याळ बघत उभे. मी सगळा वृत्तांत दिला. सुखोईसकट, पिंपरी वगळून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सासूबाईंना आत हाक मारली, "पानं घ्या वो! गाडी रस्त्यात बरोबर चालली, आगारातूनच लेट सुटली."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण जावईबापू, पश्चिमेकडं उडलं असंल नं? पाऊस हाये."