"तुमच्याकडे हे इंजेक्शन देतात का?"

माझ्या काकांना पार्किन्सन्स आहे. अलीकडे त्यांच्या मांड्या आणि खांदे पार उतरलेत, आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन सुरू करावं का, यावरून घरात दोन तट पडलेत. एकाला वाटतं, ताकद येत असेल तर वाट कसली बघायची? दुसरा हार्मोन म्हटलं की कानांवर हात ठेवतो. मी नेदरलँड्समध्ये राहते, म्हणून शेवटी ताई मलाच विचारते, "तुमच्याकडे देतात का गं?"

केवळ स्नायू झिजले म्हणून इथे हे इंजेक्शन देत नाहीत. पण इथे देत असते, तरी तेवढ्यावरून काकांना द्यावं असं मी म्हटलं नसतं. बघायचं ते पुराव्याकडे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पार्किन्सन्स असलेले 30 पुरुष होते. काहींना 8 आठवडे टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन. दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. चाचणी लहान होती, मुदतही तोकडी, त्यामुळे तिच्यावरून कायमचा निकाल लावता येत नाही. मात्र आजार असो-नसो, वयस्क पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचण्या पुष्कळ सांगतात. 2010 मध्ये हालचाल मंदावलेल्या 209 पुरुषांच्या चाचणीत पायांची ताकद वाढली, पण हृदयाचे त्रास इतके दिसले की ती मध्येच थांबवावी लागली. 2023 मध्ये 5,000 हून अधिक पुरुषांच्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीने हृदयविकाराच्या झटक्याबद्दलची भीती बरीच कमी केली. अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळ्या मात्र हार्मोन घेणाऱ्यांत जास्त आढळल्या. आणि त्याच चाचणीच्या 2024 मधल्या अहवालात हाड मोडण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त निघालं. ज्या माणसाला वळताना तोल जाण्याची धास्ती असते, त्याच्या घरच्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मुळात पार्किन्सन्समध्ये स्नायू का झिजतात? मेंदूकडून स्नायूला मिळणारा हुकूम क्षीण आणि उशिरा पोचतो, हालचाल मंदावते, न वापरलेला स्नायू आटत जातो. वास येईनासा होतो, भूक मरते, गिळणं अवघड होतं, वजन घटतं. हार्मोनने स्नायूचा आकार वाढला तरी हुकूम सुधारत नाही. ग्रोथ हार्मोनचंही हेच झालं: 1990 मध्ये वयस्कांचं स्नायूंचं वस्तुमान वाढलेलं दिसल्यावर केवढा गाजावाजा झाला, आणि पुढच्या चाचण्यांत उठण्या-चालण्याच्या क्षमतेत तशी सुधारणा सापडली नाही.

म्हणून हार्मोनला जागाच नाही असं मी म्हणणार नाही. थकवा, उदासी, कामेच्छा कमी होणं ही टेस्टोस्टेरॉन कमी असल्याची लक्षणं पार्किन्सन्सच्या लक्षणांत सहज मिसळून जातात आणि कुणी तपासतच नाही. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासून पातळी खरोखर कमी निघाली, तर उपचाराचा विचार जरूर व्हावा. आधी प्रोस्टेट, रक्ताचा दाटपणा, झोपेत श्वास अडकणं आणि हृदय पाहून.

इथे मला हेवा वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. 2004 पासून नेदरलँड्समध्ये 'पार्किन्सननेट' आहे: या आजाराचं खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि इतरांचं जाळं. 2018 मध्ये 4,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांना आजाराशी संबंधित गुंतागुंत झाली, नेहमीच्या फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्यांपैकी 21 टक्क्यांना. फरक चार टक्क्यांचा, पण तो मोडलेल्या हाडांचा आणि न्यूमोनियाचा फरक आहे. वजनांचा व्यायामही हळूहळू वाढवत नेला तर फळतो. 2013 मध्ये आलेल्या दोन वर्षांच्या चाचणीत असा व्यायाम करणाऱ्यांची हालचाल, औषधाचा असर नसतानाही, साधा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली.

इंजेक्शनचा आग्रह धरणाऱ्यांचा मला राग येत नाही. इंजेक्शन विकत मिळतं. पार्किन्सन्स जाणणारा, दर आठवड्याला काकांना खुर्चीतून उठायला लावणारा माणूस मिळत नाही. "व्यायाम करा" एवढं सांगून पेशंटला घरी धाडलं, की घरचे दुसरं काही शोधणारच. भांडायचंच तर असा जाणकार माणूस मिळावा म्हणून भांडायला हवं.

आणखी एक. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध आणि प्रथिनं शरीरात एकाच वाटेने शिरू पाहतात, म्हणून कित्येक घरांत प्रथिनंच कमी केली जातात. स्नायू झिजत असताना हे घातक आहे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचं 2017 चं मार्गदर्शन स्पष्ट आहे: औषधाचा असर कमी-जास्त होत असेल तर प्रथिनांचा मोठा वाटा दिवसाच्या शेवटच्या जेवणात घेण्याबद्दल बोला, पण दिवसभराची एकूण प्रथिनं घटवू नका. ताईला मी हे सगळ्यात आधी सांगितलं.

या सगळ्या वादात पार्किन्सन्स असलेल्या बायका कुठेच नाहीत. वर सांगितलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या तिन्ही चाचण्यांत एकही स्त्री नव्हती. स्नायू त्यांचेही झिजतात, हाडं आधीच ठिसूळ असतात, आणि इंजेक्शनची चर्चा त्यांच्यापर्यंत पोचतसुद्धा नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची मागणी मात्र दोघांसाठी एकदमच करता येते.