परत न आलेल्या नऊ जणांसाठी

रस्त्यावर राहणाऱ्या पोराला जेवणाचं ताट देण्याआधी प्रार्थनेला बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मी ख्रिस्ती म्हणून लिहिते आहे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात वाढलेली, उपासना मनापासून करणारी, आणि मोठ्या शहरांत बेघर तरुणांमध्ये जाणाऱ्या मिशनरी गटांविषयी खराखुरा आदर असलेली. आदर आहे म्हणूनच लिहायला बसले.

या कामाबद्दल लांबून बोलणाऱ्यांना वाटतं, गाडी लावायची, सूप वाटायचं, हातात पत्रक द्यायचं, झालं. पण बेघर तरुण मुलं मुळात दिसतच नाहीत. ती दिसायचं टाळतात. बूट पुसलेले, पाठीला बॅग, स्टेशनात चार्जिंगच्या जागेजवळ बसलेली. बघणाऱ्याला वाटावं, कॉलेजची पोरं गाडीची वाट बघताहेत. आज या मित्राकडे, उद्या त्या मित्राकडे, तिसऱ्या दिवशी रात्रभर बसने इकडून तिकडे. शिकागो विद्यापीठाच्या चॅपिन हॉल या केंद्राने २०१७ मध्ये अमेरिकेचा अंदाज दिला: १८ ते २५ वयाच्या दर १० जणांपैकी एकाला, आणि १३ ते १७ वयाच्या दर ३० जणांपैकी एकाला, वर्षभरात कधी ना कधी कुठल्यातरी रूपातली बेघरी भोगावी लागते. श्रीमंत देशाचे हे आकडे आहेत.

ही मुलं घर का सोडतात? मारहाण, घरातल्याच कुणाकडून होणारे अत्याचार, आईवडिलांची व्यसनं, वयाची अट ओलांडली म्हणून बालगृहाचं बंद झालेलं दार. आणि आणखी एक कारण, जे आमच्या मंडळ्यांमध्ये मोठ्याने बोललं जात नाही. मुलाने घरी सांगितलं की तो समलिंगी आहे, मुलगी म्हणून वाढवलेल्या लेकराने सांगितलं की मी मुलगी नाही, आणि घरच्यांनी बाहेर काढलं. त्याच अभ्यासात अशा तरुणांना बेघरीचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त आढळला. यातली कित्येक घरं धार्मिक असतात, देवाचं नाव घेऊनच लेकराला बाहेर काढलेलं असतं. आता विचार करा, रात्री अकरा वाजता क्रूस रंगवलेली गाडी त्याच लेकरासमोर येऊन थांबते. गाडीतल्या माणसाला तो क्रूस प्रेमाची खूण वाटतो. त्या मुलाला त्यात काय दिसत असेल?

न्यूयॉर्कमध्ये १९९७ मध्ये अली फॉर्नी नावाच्या बेघर तरुणाचा खून झाला. त्याच्या नावाने २००२ मध्ये कार्ल सिसिलियानो यांनी अशा मुलांसाठी निवारा सुरू केला. सिसिलियानो कॅथलिक श्रद्धेतूनच बेघरांच्या सेवेत आलेले. २०१४ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात पोप फ्रान्सिस यांना जाहीर पत्र लिहिलं की, चर्चची शिकवण ऐकून आईबाप पोटची मुलं टाकतात, हे थांबवा. मला हे पत्र एखाद्या मोठ्या सुवार्ता सभेइतकंच मिशनरी काम वाटतं. रस्त्यावरच्या मुलाला उचलणं आणि त्याला रस्त्यावर ढकलणाऱ्या हाताला धरणं, ही दोन्ही एकाच सेवेची अंगं आहेत.

हे काम नवं नाही. १८४१ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात जॉन बॉस्को नावाचा नुकताच दीक्षा झालेला धर्मगुरू राहायला आला. कारखान्यांचा काळ, खेड्यांतून कामाला आलेली पोरं गवंड्यांच्या हाताखाली राबायची, बाजारात भटकायची, तुरुंगात जायची. तो तुरुंगात जाऊन त्यांना भेटायचा. सुटलेली पोरं पुन्हा आत येताना बघून त्याच्या लक्षात आलं की बाहेर यांची चौकशी करणारं माणूसच नाही. रविवारी तो पोरांना जमवायचा, खेळ, धर्मशिक्षण, दंगा. शेजाऱ्यांच्या तक्रारी, एका जागेवरून दुसऱ्या जागी हकालपट्टी, आणि शेवटी १८४६ च्या ईस्टरला तिथल्याच वाल्दोक्को भागात एक शेड मिळाली. त्याने पहिल्यांदा रात्री आसरा दिलेली पोरं सकाळी पांघरुणांसकट पसार झाली. पुढच्या वर्षी भर पावसात एक अनाथ पोर दारात आलं, तेव्हा त्याने आणि त्याच्या आईने त्यालाही आत घेतलं.

पण बॉस्कोची मला सगळ्यात भावणारी गोष्ट म्हणजे त्याने केलेले करारनामे. १८५१-५२ च्या सुमाराला तो पोरांच्या मालकांबरोबर लेखी करार करू लागला: पोराला धंदा शिकवायचा, चुकलं तर तोंडाने सांगायचं, मारायचं नाही, सणावाराला सुट्टी द्यायची. खाली मालकाची सही. तो पोरांना धर्म शिकवत होता, ते त्याने कधी लपवलं नाही. पण त्यांच्या मजुरीसाठी, पाठीवरच्या वळांसाठी तो मालकाशी कागदावर भांडत होता. आज किती मिशनरी गटांबरोबर वकील असतो? हरवलेली ओळखपत्रं काढून देणारं, दाताच्या डॉक्टरकडे नेणारं, नोकरीत पगार बुडवला तर मालकाला फोन करणारं माणूस किती गटांत असतं? गिटार मात्र बहुतेक गटांत असते. गाणं मलाही प्रिय आहे, पण हरवलेलं ओळखपत्र गाण्याने परत मिळत नाही.

चांगल्या हेतूने काय काय होतं, तेही याच इतिहासात आहे. चार्ल्स लोरिंग ब्रेस या प्रोटेस्टंट पाळकाने १८५३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेघर मुलांसाठी संस्था काढली. वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोरांसाठी त्याने वसतिगृह उघडलं, तिथे पोरं थोडे पैसे भरून झोपायची, फुकट नाही. त्यामुळे पोरांचा मान राहिला. कुणी फार गोडगोड प्रवचन द्यायला लागलं की हीच पोरं ओरडून त्याला गप्प करायची, असं ब्रेसनेच लिहून ठेवलं आहे. इतकं समजणाऱ्या माणसानेच मुलं आगगाडीत बसवून पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांत पाठवायला सुरुवात केली. १८५४ ते १९२९ या काळात अशी सुमारे २ लाख मुलं गेली. काहींना मायेची घरं मिळाली. काही शेतावरचे फुकटचे गडी झाले, भावंडांची ताटातूट झाली, कॅथलिक आयांची लेकरं प्रोटेस्टंट घरांत गेली. त्याचा खरोखर विश्वास होता की ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरात मुलाचं भलंच होईल. मुलाला मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

त्याच शतकात लंडनमध्ये निराधार मुलांसाठी काम करणाऱ्या थॉमस बर्नार्डोच्या निवाऱ्यातून जागा नाही म्हणून एका मुलाला परत पाठवलं गेलं, आणि काही दिवसांत तो थंडीने आणि उपासमारीने मेलेला सापडला. त्यानंतर तिथे पाटी लागली की कुठल्याही निराधार मुलाला इथे प्रवेश नाकारला जाणार नाही. ही पाटी मला पाठ आहे. पण याच बर्नार्डोने मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो मुद्दाम सजवून काढले, देणग्या मिळाव्यात म्हणून, आणि १८७७ मध्ये लवादापुढच्या चौकशीत त्या फोटोंवर ताशेरे ओढले गेले.

ते फोटो आजही काढले जातात, फक्त आता त्यांना साक्ष म्हणतात. सतरा वर्षांच्या मुलीला देणगीदारांच्या सभेत उभं करायचं, आणि तिने माइकवर सांगायचं की मी कुठे झोपत होते, माझ्याबरोबर काय झालं, आणि मग प्रभू कसा भेटला. लोक रडतात, देणगीची पाकिटं भरतात. ज्या छताखाली ती झोपते त्या छताचे पैसे हे लोक देतात, हे तिला माहीत असतं. ती नाही कशी म्हणेल? मी अशा सभांमध्ये बसलेली आहे आणि मला तो प्रकार सहन होत नाही. साक्ष देणं ही आमच्या परंपरेतली फार सुंदर गोष्ट आहे. दहा वर्षांनी, स्वतःच्या पायावर उभं राहिल्यावर, तिला वाटलं तर ती देईल.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही जण बरे होतात आणि त्यातला एकच परत येऊन येशूच्या पाया पडतो, तोही शोमरोनी, परका. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? हा प्रश्न आम्ही नेहमी कृतघ्नपणावरच्या उपदेशासाठी वापरतो. पण मला त्या गोष्टीतली दुसरी बाजू जास्त मोठी वाटते: न आलेल्या नऊ जणांचा रोग परत आला, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. त्यांचं बरं होणं कुणी काढून घेतलं नाही. घरी गेले असतील, लेकरांना जवळ घेतलं असेल. आभार न मानता, विश्वास न ठेवता. आमचं शेल्टर त्या नऊ जणांसाठी चालतं का, याच्यावर माझ्या लेखी सगळं ठरतं.

यावर मंडळीतले लोक मला विचारतात, मग आपल्यात आणि सरकारी निवाऱ्यात फरक काय? श्रद्धा लपवायची का? मुळीच नाही. गळ्यात क्रूस असू दे, कुणाच्या नावाने आलो ते स्पष्ट सांगू दे. मध्यरात्री एखाद्या मुलाने विचारलं की देव आहे का, तर झाकपाक न करता उत्तर द्यावं. प्रार्थनेची खोली असावी, तिचं दार उघडं असावं. श्रद्धेमुळे व्यसनातून उठलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या अनुभवाला मी कमी लेखणार नाही. पण उपाशी माणसाच्या ‘हो’ला मी ‘हो’ धरत नाही. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत अंथरूण असताना पोरगं कशालाही मान डोलावेल. तो बाप्तिस्मा कुणाचा झाला, त्याचा की त्याच्या भुकेचा?

हे काही माझं एकटीचं बंड नाही. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांची जी आचारसंहिता १९९४ मध्ये तयार झाली, तिच्यात मदतीचा वापर धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करायचा नाही, असं कलम आहे, आणि ती तयार करणाऱ्यांत रेडक्रॉसबरोबर कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस अशा ख्रिस्ती संस्था होत्या. २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही लिहिलं की चर्चच्या नावाने सेवा करणारा आपली श्रद्धा कधीच दुसऱ्यावर लादणार नाही.

दुसरी गोष्ट देखरेखीची. कव्हेनंट हाउस ही न्यूयॉर्कमधली संस्था १९७२ मध्ये ब्रूस रिटर या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने उभी केली. येईल त्या मुलाला आत घ्यायचं, हा तिचा नियम. हजारो मुलांना तिने आसरा दिला. १९९० मध्ये निवाऱ्यातल्या तरुणांशी लैंगिक संबंध ठेवल्याच्या आणि पैशाच्या गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर रिटरला पद सोडावं लागलं. त्याने आरोप नाकारले, त्याच्यावर खटला चालला नाही, पण संस्थेनेच नेमलेल्या चौकशीचा निष्कर्ष त्याच्या विरोधात गेला. देणग्या आटल्या, संस्था बुडायच्या बेताला आली. सिस्टर मेरी रोझ मॅकगेडी यांनी ती पुन्हा उभी केली, ती आजही चालते. यातून मी एवढंच घेते की ‘तो देवमाणूस आहे’ हे वाक्य सुरक्षेची व्यवस्था म्हणून चालत नाही. बेघर मुलाच्या मागे चौकशी करायला कुणी येणार नसतं, म्हणूनच वाईट माणसाला अशी जागा सोयीची वाटते. कुणाही कार्यकर्त्याने मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, दोघं तरी हवेत, बाहेरचा तक्रार क्रमांक भिंतीवर, हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासलेले. पाळकाला यात अपमान वाटला, तर त्याने हे काम करू नये.

आठवडाभरासाठी येणाऱ्या मिशन टीम्सबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगते की ज्या मुलाला आधीच सगळे सोडून गेलेत, त्याच्याशी पाच दिवसांत जीव लावून सहाव्या दिवशी विमानात बसू नका. तेच तिकिटाचे पैसे तिथे वर्षभर राहणाऱ्या कार्यकर्त्याच्या पगाराला द्या.

आमच्या मंडळीचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक लवकरच ठरेल. अशा कामाला पैसे द्यावेत, वाढवून द्यावेत, यासाठी मी हात वर करणार आहे. त्याआधी संबंधित गटाला विचारणार आहे की संध्याकाळच्या प्रार्थनेला न आलेल्या मुलाला त्या रात्री अंथरूण मिळतं का, आणि अठरा पूर्ण झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते कुठे झोपतं. हे काम करणारे तुमच्यापैकी कुणी असतील, तर तुमच्याकडे याचे काय नियम आहेत ते खाली जरूर लिहा. मी ते बैठकीत वाचून दाखवेन.