करंट शेजाऱ्याचा, चार्जिंग आपलं

थंडीत गाडीची बॅटरी बसते म्हणतात. सोलापुरात ती उन्हाळ्यानेच मरते. पारा चाळिशीच्या वर गेला की बॅटरीतलं पाणी आटतं, आतल्या प्लेटा लवकर खराब होतात. मग एका सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो आणि शेजारच्या गाडीवरून करंट घ्यायची वेळ येते.

त्याची एक रीत आहे, ती कृपा करून पाळा. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच हव्यात. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कित्येक जण हा शेवटचा चिमटा सरळ बॅटरीवर लावतात. तिथे ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. स्फोट झाला तर ॲसिड तोंडावर येतं. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर केबल लावूच नका.

गाडी चालू झाली की सगळ्यांना हायसं वाटतं. पण शेजाऱ्याने फक्त इंजिन फिरवून दिलं. बॅटरी अजून जवळपास रिकामीच आहे. ती भरायची आपल्याच गाडीच्या अल्टरनेटरने, साधारण १४ व्होल्टवर. सात रस्ता चौकातून जवळच्या नवी पेठेत जाऊन गाडी बंद केली तर भरत नाही.

आपल्या शहराबद्दलही मला हेच बोलायचंय. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल गेली, बाकीच्या गिरण्या गेल्या, तेव्हा शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या मागांनी शहर तोलून धरलं. पुढे चादर आणि टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. होटगी रोडच्या विमानतळावरून पुन्हा विमानं उडू लागली. दरवेळी आपण म्हणतो, आता सोलापूर मार्गी लागलं. मला हे सगळं हवंच आहे. पण मानांकन चादरीचं नाव राखतं, नवं डिझाइन काढून देत नाही. विमानाने खरेदीदार येईल. त्याला दाखवायचा माल अक्कलकोट रोड एमआयडीसीतच तयार व्हावा लागतो, आणि तो घडवू शकणारी शिकलेली पोरं पुण्याची गाडी धरतात.

त्यांना अडवून उपयोग नाही, इथे पगार हवा. म्हणून कारखानदारांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी सवलतीचं निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जाल, तेव्हा गावातल्या किती पोरांना डिझाइन, मशीन-दुरुस्ती आणि निर्यातीच्या कामावर घेणार आणि किती पगार देणार, हेही त्यात लिहा. ते निवेदन छापून आलं, तर मी स्वतः घरोघरी वाटेन.