कापसातलं बी आणि घरी आलेलं पत्रक

पहिली दुसरीच्या मुलांच्या वसंतातल्या उपक्रमांबद्दल आणि शाळेतून दर आठवड्याला घरी येणाऱ्या पत्रकाबद्दल तुम्ही लिहिलंय ते खूप आवडलं, फक्त एक सांगावंसं वाटतं की त्या उपक्रमांतला बी रुजवायचा प्रयोग नुसता 'पाणी घाला आणि बघा' एवढ्यावर सोडू नका. काचेच्या ग्लासात ओला कापूस भरून काचेला लागून राजम्याच्या तीन चार बिया लावा, एक आडवी, एक उलटी, आणि मुलांना आधी विचारा मूळ कुठे जाईल. साधारण चार पाच दिवसांत दिसतं की बी कसंही ठेवलं तरी मूळ खालीच वळतं, कारण मुळाच्या टोकाला गुरुत्वाकर्षण कळतं, आणि कोंब नंतर वर येतो. माझ्या मुलीने हे रोज पट्टीने मोजून वहीत चित्र काढलं तेव्हा मिलिमीटर म्हणजे काय ते तिला खरं समजलं, वर्कशीटवर समजलं नव्हतं!! कापूस फक्त ओलसर ठेवा हं, पाण्यात बुडाला तर बी कुजतं. आणि पत्रकात नुसत्या तारखा नकोत, त्या आठवड्यात मुलांनी विचारलेला एखादा प्रश्न पण छापा ना, मग जेवताना आम्हाला बोलायला काहीतरी मिळतं, नाहीतर 'आज काय केलं' विचारलं की 'काही नाही' हेच उत्तर येतं.