आईच्या मशीनवर बेसिन बसवायचं म्हणतायत

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर दादाने एक फोटो टाकला. कुठल्यातरी रिसॉर्टमधला, जुन्या शिवणमशीनचे बिडाचे पाय, वर काळा ग्रॅनाइट आणि त्यात वॉश बेसिन. खाली लिहिलं होतं, आपल्या होमस्टेला असंच करूया, आईची मशीन नाहीतरी पडूनच आहे. आंजर्ल्याला आमचं घर, त्यातल्या मागच्या तीन खोल्या आता पर्यटकांना देतात. पुतण्या लगेच, मस्त, लोकांना व्हिंटेज आवडतंच. मावसभाऊ बोरिवलीहून म्हणे आता शिवत कोण बसतं, अडीचशेला कुर्ती घरपोच येते. मी लिहिलं की मी शिवते. तर वहिनीचं उत्तर आलं, "ताई, तुमची ती हौस आहे. इथे मी घरी शिवलेलं घालून लग्नाला गेले तर बायका विचारतील, परवडत नाही का?"

झालं, आठवडाभर तेच डोक्यात फिरतंय.

मी जर्मनीत येनामध्ये राहते, ऑफिसला महिन्यातले निम्मे दिवस स्वतः शिवलेलं घालून जाते आणि कॉफीच्या मशीनपाशी कोणी ना कोणी विचारतंच, झेल्ब्स्ट गेनेट, म्हणजे स्वतः शिवलंय का? विचारताना कौतुक असतं, परवडत नाही का असं आजवर कोणाच्या मनात आलेलं मला दिसलं नाही. आणि खरंतर परवडण्याचा हिशोब उलटा आहे, बरं सुती कापड पंधरा युरो मीटर, ड्रेसला अडीच-तीन मीटर, वर चेन, दोरा, अस्तर, म्हणजे पन्नासच्या वर गेले, आणि तयार ड्रेस वीसला टांगलेला असतो. तो वीसला कसा येतो तेही माहीत आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, आत कपडे शिवणारी ११०० च्या वर माणसं मेली, मोठ्या संख्येने बायका. आमच्या ग्रुपवरच्या त्या अडीचशेच्या कुर्तीतही कोणाचीतरी पाठ मोडलेलीच असणार, हे मी लिहिलं आणि त्यावर कोणी काहीच बोललं नाही.

वहिनीला मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचं सांगायचंय. त्यांच्याकडे वेरिटास मशीन आहे, विटेनबर्गेच्या कारखान्यातली, तो कारखाना मुळात सिंगरचा आणि युद्धानंतर सरकारी झालेला. डीडीआरच्या, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या काळात दुकानात एक कोट आला की अर्ध्या गावाच्या अंगावर तोच कोट दिसायचा म्हणून या आजी प्रामो नावाच्या फॅशन मासिकातले नमुने काढून स्वतः शिवायच्या, पडद्याच्या आणि चादरीच्या कापडाचेसुद्धा कपडे केलेत म्हणतात. बर्लिनची भिंत पडली आणि त्यांनी दहा वर्षं मशीनला हात लावला नाही. तयार कपडे घ्यायचे, तेही पिशवीवरचं नाव लोकांना दिसेल असे. आता नात म्हणते शिकव, म्हणून परत बसतात. म्हणजे जी लाज आज माझ्या वहिनीला वाटते ती यांनाही वाटून गेली, तीस वर्षं आधी, एवढाच फरक. मी त्या ग्रुपवर "इकडचे लोक किती पुढे आहेत" अशा सुरात बोलले ते चूकच झालं.

पण आपल्याकडे हौस नव्हती हे मला मान्य नाही. माझे काका परळच्या गिरणीत होते, आमच्या दापोली तालुक्यातले कितीतरी बाप्ये तेव्हा गिरण्यांत. गणपतीला येताना काका गिरणीतलं कापड आणायचे आणि आई एकाच ताग्यातून आम्हा पाच पोरांना शिवायची, मला फ्रॉक, दादाला शर्ट, उरलं तर उशीचा अभ्रा, त्यातूनही उरलं तर वाकळेत. माझ्या फ्रॉकच्या गळ्याला ती उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लावायची, वेगळ्या रंगाची, कोणी सांगितलं नव्हतं तिला. ती हौस नाही तर काय होतं? मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि काका जे गावी आले ते परत गेलेच नाहीत. कापड बंद झालं. त्या पावसाळ्यापासून आई लोकांचे ब्लाऊज शिवायला लागली, पैसे घेऊन. तीच बाई, तीच उषा मशीन, पण आता अंगणात बायका माप द्यायला यायच्या आणि पैशावरून घासाघीस करायच्या. मी नऊ वर्षांची होते, माझ्यासाठी मशीनचा आवाज तिथून बदलला.

आणि ही मशीन काय सोसून उभी आहे ते दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. समुद्र पाचशे पावलांवर, खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज गळून जातात. आई दर शनिवारी तेल घालायची, सुया पावडरच्या डब्यात ठेवायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, मशीनवर रात्रभर पाणी. दुसऱ्या दिवशी आईने रॉकेलने पुसून ती चालू केली. वीज कित्येक दिवस नव्हती, वाडीत सगळ्यांचे मोबाईल मेलेले, मिक्सर बंद, पंप बंद, पण पायाने चालणारी मशीन चालू. जुन्या साड्यांचे मास्क शिवून वाडीत वाटले तिने. त्याच सुमारास मीही इथे मास्कच शिवत होते, येनाने एप्रिलच्या सुरुवातीलाच मास्कची सक्ती केली होती आणि लोकांना शिवायला सांगितलं होतं, इलॅस्टिक कुठेच मिळेना म्हणून मी टी-शर्टच्या पट्ट्या कापल्या. व्हिडिओ कॉलवर आम्ही एकमेकींना मास्क दाखवले. आईने माझ्या मास्कची टीप बघितली आणि म्हणाली, "अगो, तू कधी शिकलीस?"

हे मी घरात कधी नीट सांगितलं नाही. मी आईकडे शिकले नाही. ती शिकवायला तयार होती, मीच बसले नाही. आठवी-नववीत दापोलीच्या शाळेत एका मुलीने माझा फ्रॉक हातात धरून विचारलं कुठून घेतला, मी म्हटलं दादरहून, काकांनी आणला. काका तेव्हा घरी बसून सुपाऱ्या सोलत होते. आई शाळेच्या फाटकाशी मला न्यायला आली होती, तिने ऐकलं. घरी येईपर्यंत काही बोलली नाही, नंतरही कधी नाही. मी शिकले चाळिशी ओलांडल्यावर फोल्क्सहोखशुलेत, म्हणजे इथल्या मोठ्या माणसांच्या शिकवणी वर्गात, मंगळवारी संध्याकाळी, फी भरून. त्यामुळे शिवणकामाचे सगळे शब्द मला जर्मनमध्ये येतात. नाट्सुगाबे, श्रेगबांड म्हणजे ती उरेब पट्टी. आईला फोनवर विचारलं की नाट्सुगाबे, म्हणजे शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला आपल्यात काय म्हणतात, ती म्हणाली, माया. दीड-दोन इंच माया ठेवायची, पोर वाढतं ना. माझे सगळे फ्रॉक दोन-दोन वर्षं उसवून वाढवलेले, आणि हा शब्द मला सेहेचाळिसाव्या वर्षी विचारून कळला.

वहिनीने शेवटी लिहिलं, मग ताई, मशीन तुम्हीच घेऊन जा तिकडे. रागाने नाही लिहिलं, पण बरोबर लिहिलं. झाडलोट ती करते, आईचं औषधपाणी ती बघते, दर पावसाळ्यात ते बिडाचं धूड ओसरीवरून आत तीच ओढते. मी नऊ हजार रुपयांचं कापड कापून झालं की रात्री दहाच्या आत मशीन झाकून ठेवते आणि खालच्यांना आवाज जात नाही ना बघते, एवढीच माझी जबाबदारी. तरी सांगते, बेसिनसाठी दापोलीत वाटेल तेवढे कडप्पे मिळतील, त्याला आईचे पाय लावायची गरज नाही.

काल आईला फोन केला. मशीनला काय झालंय म्हटलं, तर काहीच नाही, दोन वर्षांपूर्वी पट्टा तुटला एवढंच. मी म्हटलं इथे ऑनलाइन मिळतो चामड्याचा, घेऊन येते. ती म्हणाली, "अगो, पट्टा दापोलीत मिळतो. आणून देणारं कोण नाही."

मे महिन्याचं तिकीट काढलंय. दादाला लिहिलंय की तोपर्यंत थांब, पट्टा मी आणून बसवते. त्याने वाचलंय, उत्तर अजून आलेलं नाही.